साडेएकोणीस

"गुरुजी, एक नाव वाढवता आलं नाही तुम्हाला?"

"कुणाचं?"

"कुणाचंही. सगळे वाढवतात."

सखाहरी गुरुजी पेन्सिलीला टोक करत होते. शाळेत मुलं एकोणीस आणि पेन्सिली त्याहून कमी, त्यामुळे हे काम त्यांच्यामागे कायमचं लागलेलं. निवृत्तीला चार महिने उरले होते, पण त्यांना कशाचीच घाई दिसत नव्हती.

समोर उभा होता जालिंदर. याच गुरुजींच्या हाताखाली, याच शाळेत शिकून तो विस्तार अधिकारी झाला होता, आणि हे त्याच्या बुटांकडे पाहिलं तरी कळत होतं. खडी क्रशरजवळच्या या वस्तीशाळेचा अहवाल त्याला संध्याकाळच्या आत पाठवायचा होता. पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद, मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत, असा यंदाचा आदेश. त्या रस्त्यावर दिवसभर डंपर धावत.

आदेशात तळाला एक ओळ होती. एखादंच मूल कमी पडत असेल, तर अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर शिफारस करावी. पण नव्या नोकरीत ही नसती जबाबदारी कोण घेणार?

त्याला नवल वाटत होतं ते गुरुजींचं. शाळा चाललीय हातची, आणि हा माणूस चकार शब्द काढत नाही…

"पोरं बघितलीस?" गुरुजींनी विचारलं.

"बघितली की." जालिंदरने टॅब पुढे केला. त्यावरचा चार रंगांचा गोल तक्ता त्याने स्वतः बनवला होता, आणि वरच्या साहेबांनी त्याचं कौतुकही केलं होतं. "मातृभाषेप्रमाणे. मराठी आठ, वडारी सहा, बंजारा चार, भोजपुरी एक."

"एक…"

"चांदनी. तिचा बाप क्रशरवर आहे."

गुरुजींनी टॅब हातात घेतला नाही. खिशातून खडू काढला.

"बारकं दिसत नाही मला. बाहेर कोब्यावर काढ. आणि ज्याला त्याला आपापल्या जागी उभं कर."

जालिंदर मनात हसला. म्हातारपण, दुसरं काय. तरी त्याने एकेका भाषेचा एक असे चार मोठे गोल काढले, पोरांना बोलावलं आणि टॅबमध्ये बघत एकेकाला जागा दाखवली.

"सर, मी हितंच का?" एकाने विचारलं.

"तू घरी वडारी बोलतोस ना?"

"घरी. हितं नाय."

जालिंदरने टॅबमध्ये पुढचं नाव शोधलं. चौथ्या गोलात चांदनी एकटीच उभी होती. तिने गोलाच्या कडेकडेने एक फेरी मारली, मग कमरेवर हात ठेवले.

"हे माझं घर. लई मोठं हाय. या की पाव्हणं."

साहेबाची परवानगी कुणी मागितलीच नाही. आधी वडाऱ्यांची दोन पोरं गेली, मग सगळीच धावली. एकमेकांच्या खांद्याला धरून, पाय आखडून, एकोणीसच्या एकोणीस त्या एका गोलात मावली.

"जागेवर जा आपापल्या," जालिंदर म्हणाला.

"जागेवरच हाय, सर."

त्याने टॅबकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. कुठला रंग कुणाचा, काही केल्या लागेना. मघाशी तर सगळं सोपं होतं…

"सर, तुमी बी या," चांदनी म्हणाली. "बूट भाईर काढायचे पन."

का कुणास ठाऊक, तो वाकला. त्याने एक बूट काढला आणि मोज्यातला पाय रेघेच्या आत ठेवला. पोरं सरकली. जागा झाली.

तेवढ्यात फोन वाजला. कचेरीतून होता. अहवाल…

जालिंदर तसाच राहिला. एक पाय आत, एक बाहेर. त्याने गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजी पायरीवर येऊन उभे होते. पेन्सिलीच्या टोकाने हळूहळू मोजत होते.

"…सतरा. अठरा. एकोणीस."

पेन्सिल जालिंदरपाशी येऊन थांबली.

फोन वाजतच होता.

"साडेएकोणीस," गुरुजी म्हणाले. "राहिलेला अर्धा तुझ्याकडं आहे, जालू."