गार डबीतलं टोक

फार वर्षांपूर्वी कपबशांच्या एका भट्टीला उष्णता मोजणारी तार होती. तिचं एक टोक आत भाजायचं, दुसरं बाहेर गार डबीत बसायचं. दोघांच्या उष्णतेत जितका फरक, तितका काटा चढायचा.

एकदा कुंडलिक मिस्त्रींनी त्या डबीवर चहाची किटली ठेवली. बाहेरच्या टोकाला ऊब आवडली. फरक घटला, काटा उतरला, म्हणून मिस्त्रींनी जाळ वाढवला. सगळ्या कपबशा वेड्यावाकड्या झाल्या.

"कोण चुकलं रे?" मिस्त्रींनी विचारलं. बाहेरचं टोक गप्प राहिलं. मिस्त्रींनी आतलं उपटून भंगारात टाकलं.

नवं टोक आत गेलं. पहिल्याच आचेत त्यानं हाक मारली, "दादा, तुम्ही गार आहात ना? तुमच्याच भरवशावर मी इथे भाजतोय."

किटली डबीवरच होती. दादा शरमेनं आणखी तापले.