ज्याचे जनावर त्याच्या दारी

बालाघाटच्या उतरणीवर सांगवण नावाचे गाव आहे. तरटेमहाराजांचा मुक्काम त्या गावी कधी चार दिवस असे, कधी चार महिने. अंगावर तरट, म्हणजे गोणपाटाचा तुकडा, पांघरत म्हणून लोक त्यांना तरटेमहाराज म्हणत. खरे नाव कुणाला ठाऊक नव्हते आणि विचारायची कुणाची छातीही नव्हती, कारण महाराज फार चिडके होते. आता त्यांच्या नावाने मठ आहे, तिथल्या तसबिरीत त्यांचा चेहरा हसरा आहे, पण तो चितारणाऱ्याने मनाने घातला आहे. मी लहानपणी त्यांना पाहिले आहे. ते माणसांवर करवादत आणि जनावरांशी मात्र हळू बोलत.

वेशीबाहेर एक जुना कोंडवाडा होता. कुणाची मोकाट गुरे दुसऱ्याच्या पिकात शिरली की पूर्वी तिथे आणून कोंडत. ठकूबाईचा नवरा त्याचा राखणदार होता. पुढे सरकारने तालुक्याला नवा कोंडवाडा बांधला, इथला बंद पडला, मग नवराही वारला. मागे राहिल्या दगडी भिंती आणि त्यांच्या आडोशाला झोपडीत ठकूबाई.

एके पहाटे तिच्या दाराशी कुणीतरी लंगडी शेळी बांधून गेले. शेळीच्या कपाळावर हळदकुंकू होते आणि पुढ्यात एक नारळ. म्हणजे शेळी महाराजांना वाहिलेली होती. ठकूबाई महाराजांची भक्त. तिने नारळ महाराज बसत त्या पारावर ठेवला आणि शेळी ठेवून घेतली.

तिथून जी रीत पडली ती पडलीच. गाय आटली, कुंकू लावा आणि महाराजांना वाहा. बैलाचा खांदा आला, गाढवाची पाठ फुटली, कुत्र्याला खरूज झाली, वाहा महाराजांना. रात्र सरत आली की लोक गुपचूप येत, जनावर बांधत, हात जोडत आणि पुण्य करून आल्यासारखे ताठ मानेने घरी जात. धडधाकट जनावर मात्र कुणी कधी वाहिले नाही. दुभती म्हैस वाहावी असे आसपासच्या सात गावांत एकालाही सुचले नाही.

आज तरी काय वेगळे आहे? मठाच्या फाटकाशी अजून पोत्यात बांधलेली पिल्ले सापडतात आणि पोत्याला झेंडूची माळ असते. सेवेकरी पोरींची त्यांना दूध पाजता पाजता पुरेवाट होते. तीच माणसे गुरुवारी आरतीला पुढच्या रांगेत उभी राहतात. म्हणूनच ही कथा मी पुन्हा सांगते आहे.

तर रीत पडून तीन वर्षे झाली त्या उन्हाळ्यात कोंडवाड्यात सव्वीस जनावरे झाली होती. ठकूबाई दिवसभर रानोमाळ पालापाचोळा गोळा करी, खळ्यांवरून उष्टा कडबा मागून आणी, बारवेतून घागरीने पाणी वाही. जखमांवर कडुनिंबाचा पाला वाटून लावी. लोक तिला हसत. सगळ्यांत जास्त हसत ते गावचे यादोराव पाटील.

"ठकूबाई, दरबार जोरात भरलाय तुझा," ते घोडीवरून जाता जाता म्हणत. "गाढव सेनापती, खरजुलं कुत्रं प्रधान. आता एक राजा बघ म्हणजे झालं."

"राजा कशाला, पाटील? एक माणूस लाभला असता पाणी ओढायला तरी चाललं असतं," ठकूबाई म्हणे आणि घागर कमरेवर घेई.

वैशाखात बारवेचा तळ दिसू लागला. यादोरावांनी चावडीवर माणसे जमवली आणि सांगून टाकले, "माणसांना पाणी पुरत नाही. कोंडवाडा मोकळा करायचा. बुधवारच्या बाजाराला जनावरांचा व्यापारी येतोय, तो सगळी हाकून नेईल. कापली जातील नाहीतर काय होईल, ते आपण बघायचं कारण नाही."

जमलेल्यांपैकी निम्म्या जणांची जनावरे त्या कोंडवाड्यात होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मान्य म्हणून सांगितले.

त्यानंतरच्या रविवारी पहाटे ठकूबाईच्या दाराशी सत्ताविसावे जनावर आले. तो एक आंधळा बैल होता. डोळ्यांत फुले पडलेली, बरगड्या मोजाव्यात इतका वाळलेला, आणि कपाळावर ओले कुंकू. ठकूबाईने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि तिला ओळख पटली. बारा वर्षे पोळ्याला मानाचा म्हणून पुढे चालणारा यादोरावांचा पाखऱ्या होता तो. सासुरवाडीच्या मळ्यात विसाव्याला धाडला आहे, असे पाटलांनी गावाला सांगितले होते. ठकूबाई कुणाला काही बोलली नाही. तिने त्याला पाणी दाखवले आणि सावलीला बांधले.

मंगळवारी संध्याकाळी महाराज आले. कुठून आले ते नेहमीप्रमाणे कळले नाही. ठकूबाईने पायांवर डोके ठेवले आणि ती ढसढसा रडू लागली. "उद्या सगळी नेणार, महाराज. मी एकटी काय करू?"

"आधी रडं थांबव," महाराज म्हणाले. "आणि इतकी गोळा कशाला केलीस? नाही म्हणता येत नाही तुला?"

"येतं की, महाराज. पण उठून बघते तर बांधलेली असतात. बांधणारा पळालेला असतो. मग नाही कुणाला म्हणू? त्यांना?"

महाराज उठले. एकेका जनावरापाशी गेले, एकेकाचे कपाळ पाहू लागले. कुठे कुंकू ताजे होते, कुठे फिकटलेले.

"हे सगळं मला वाहिलंय?"

"होय, महाराज."

"मी मागितलं होतं?"

"नाही, महाराज."

"सात गावांत मला द्यायला ह्यांना एवढंच सापडलं," महाराज म्हणाले. त्यांच्या कपाळाची शीर टरारून फुगली होती. "बरं. उद्या सकाळी सगळ्यांची दावी सोड. कुठं जातात ते विचारू नकोस. जी राहतील ती राहू दे."

ठकूबाईने दुसऱ्या दिवशी उजाडताच दावी सोडली. महाराज कोंडवाड्यात शिळेवर बसले, मांडीवर खरजुले कुत्रे घेतले आणि त्याच्या कानातले गोचीड वेचू लागले. जनावरे एकामागून एक बाहेर पडली. ठकूबाई वेशीपर्यंत बघत राहिली, मग जनावरे धुळीत दिसेनाशी झाली.

भक्तहो, त्या सकाळी काय घडले ते सात गावांतल्या माणसांनी पुढे आयुष्यभर सांगितले.

देवदहिफळच्या तेल्याने दार उघडले, तर दारात महाराज उभे आणि त्यांच्या हातात घाण्याच्या म्हाताऱ्या बैलाचे दावे. "तुमचा राहिला होता," महाराज म्हणाले. "आणून दिला."

खालच्या आळीतल्या वाण्याच्या दारातही महाराजच. सोबत त्याची आटलेली गाय. वाणी हात जोडून म्हणाला, "महाराज, ही तर मी आपल्याला वाहिली होती."

"मिळाली," महाराज म्हणाले. "चांगली आहे. आता मी ती तुला वाहतो. घे."

माझी आत्या शेजारच्या बोरफळीला दिलेली. तिच्या दारात महाराज लंगडी शेळी घेऊन आले, तेव्हा ती चुलीवर भाकरी भाजत होती. शेळी कुणी वाहिली, हे आत्याने मला कधी सांगितले नाही. पण भाकरी करपली एवढे ती दर वेळी सांगे, आणि सांगताना माझ्याकडे बघत नसे.

इकडे ऊन वर आल्यावर यादोराव व्यापाऱ्याला घेऊन कोंडवाड्यावर आले. बघतात तो आत चार कुत्री, एक गाढव आणि महाराज.

"जनावरं कुठायत?" पाटलांनी विचारले.

"घरी गेली," महाराज म्हणाले. नजर कुत्र्याच्या कानातून काढली नाही.

पाटील हसले. "घरं होती होय त्यांना?"

तेवढ्यात पाटलांचा गडी धापा टाकत आला. "मालक, घरी चला. महाराज दारात उभे आहेत, बैल घेऊन."

"भांग प्यालास का? महाराज हे काय समोर बसलेत."

गड्याने शिळेकडे पाहिले आणि त्याची बोबडी वळली. यादोराव चिडून घराकडे निघाले. मागून व्यापारी आणि रिकामटेकडे वीस-पंचवीस लोक.

दारात महाराज उभे होते. तेच तरट, कपाळावर आठी असलेला तोच चेहरा. हातात पाखऱ्याचे दावे.

"हा तुमचा ना?" महाराज म्हणाले.

मागे गाव उभे होते. यादोराव म्हणाले, "माझा नव्हे. माझा बैल सासुरवाडीला आहे."

"बरं. मग धनी सापडेपर्यंत मी उभा राहतो."

पाटलांना वाटले, कोंडवाड्यावरचा कुणी तोतया असणार. ते तरातरा परत गेले. शिळेवर महाराज होतेच, आता दुसऱ्या कानातले गोचीड काढत होते. पाटील पुन्हा घरी आले. महाराज दारात. पुन्हा कोंडवाडा, पुन्हा घर. वैशाखाचे ऊन, पायात धूळ, पागोटे सुटत आलेले. लोक सुरुवातीला मागे मागे फिरत होते. मग त्यांनी सावली धरली आणि नुसते बघत बसले. ज्यांच्या घरी सकाळी महाराज येऊन गेले होते त्यांच्यापैकी कुणी हसले नाही.

तिसऱ्या खेपेला घराशी येताना यादोराव थांबले. दम लागला म्हणून थांबले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की आंधळा पाखऱ्या मान वळवून त्यांच्याकडेच तोंड करून उभा आहे. ते डावीकडे सरकले. बैलाची मान डावीकडे वळली. ते उजवीकडे सरकले, बैलाने कान टवकारून मान उजवीकडे नेली. बारा वर्षे गोठ्यात ज्या पावलांचा आवाज ऐकून तो उठून उभा राहायचा, ती पावले तो अजून ओळखत होता. सकाळपासून ती त्याच्याजवळ येत होती आणि उलटी फिरून जात होती, आणि दर वेळी त्याने मान वळवली असणार.

दारातून पाटलीणबाई कृष्णाबाई बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर सावरत त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, किती वेळ उभं ठेवणार त्याला?"

यादोराव खाली बसले. भर रस्त्यात, धुळीत बसले. "माझाच आहे," ते म्हणाले. "रविवारी मीच बांधला. कुंकूही मीच लावलं."

वर बघतात तो महाराज तिथे नव्हते. दावे पाटलांच्या हातात होते. ते कुणी दिले ते समोर बसलेल्या माणसांनाही दिसले नाही.

पाखऱ्याला दावणीला बांधून, पुढ्यात हिरवा चारा टाकून यादोराव पायी कोंडवाड्यावर आले. व्यापारी केव्हाच निघून गेला होता. पाटलांनी डोईचे पागोटे काढले आणि महाराजांच्या पायांवर ठेवायला वाकले. महाराजांनी पाय वर ओढून घेतले.

"उचल ते," महाराज म्हणाले. "सकाळपासून दोन ठिकाणी बसून-उभा राहून मला कंटाळा आलाय. मला काय वाहायचं असेल तर तो पोहरा घे आणि ह्या उरलेल्या पाचांना पाणी आण. ह्यांना कुणाचंच दार नाही. माझी भक्ती नंतर कर. आणि पाया पडायचं असेल तर तिच्या पड. तुमची सगळ्यांची घाण तीन वर्षं तिनं उपसली."

यादोराव बारवेवर गेले. पाणी आणायला पाटील स्वतः गेले हे त्या गावाने पहिल्यांदा पाहिले. त्या दिवसापासून बारवेच्या पाण्यात कोंडवाड्याचाही वाटा धरला गेला, आणि पहाटे ठकूबाईच्या दाराशी दावे बांधायला सात गावांत कुणी धजले नाही. निदान महाराज असेपर्यंत.

पाणी ओतून झाल्यावर पाटील ठकूबाईसमोर आले. ती गाढवाच्या मागच्या पायातली जखम धुवायच्या खटपटीत होती आणि गाढव लाथा झाडत होते. यादोरावांनी हात जोडले, गुडघे टेकले आणि सगळ्या गावादेखत तिच्यापुढे डोके जमिनीला लावले. "ठकूबाई, चुकलो," ते म्हणाले.

ठकूबाई संकोचली. तिने पदराने कपाळ पुसले, इकडेतिकडे पाहिले, मग गाढवाकडे पाहिले.

"पाटील," ती म्हणाली, "वाकलाच आहात तर तेवढा त्याचा पाय धरा. घट्ट धरा. माझ्या एकटीच्यानं धरवत नाही."

यादोरावांनी पाय धरला.