आचार्यांचा एक प्रश्न

एका राज्यात भैरू नावाचा तरुण राजाच्या तबेल्यात राबत असे. “माझ्या ताईला गुहेत का पाठवलंत?” एवढेच तो विचारी. राजाने उत्तर दिले नाही, प्रधानाने दिले नाही. आचार्य चक्रपाणींनी तर मानही वळवली नाही.

त्या राज्यात आचार्य पाखरांची बोली शिकवत. आचार्यपद मिळाले की शिष्यपणाची चटई जाळायची, पुन्हा कोणाला काही विचारायचे नाही, अशी रीत होती. त्याआधी एकदा राजाला शापित गुहेतले रत्न हवेसे झाले होते. गुहेवर परमुलखातली नवी पाखरे ओरडत होती. ते ऐकून आचार्य म्हणाले, “पाखरं सांगतात, वाट मोकळी आहे.” त्यांची शिष्या, भैरूची ताई केतकी, म्हणाली, “ही बोली वेगळी वाटते. एकदा विचारा ना त्यांना.” आचार्य हसले आणि तिलाच आत धाडले. छत कोसळले. केतकी गाडली गेली आणि राज्यातले प्रत्येक पाखरू बसल्या फांदीवर दगड झाले.

एक म्हातारी मैना तेवढी उरली. ती भैरूला म्हणाली, “पाखरं पुन्हा जिवंत व्हायला हवीत, तर उकळत्या डोहाचं पाणी आण. नागबनातलं मोरपीस आण. आणि आचार्यांचा एक प्रश्न आण.”

हात भाजून पाणी आले, पाय सोलून पीस आले. प्रश्न मात्र येईना.

“माझी चटई जळाली, तेव्हाच माझं शिकणं संपलं,” आचार्य म्हणाले.

“तुमचं संपलं म्हणून पाखरांनी मुकं व्हायचं? ताईनं मरायचं?” भैरू भर दरबारात ओरडला. त्याने आचार्यांचे मनगट धरले. शिपाई धावले. राजा खाली मान घालून म्हणाला, “जाऊ द्या त्यांना.”

गुहेपाशी, केतकी पाखरे ऐकत बसली होती तिथे, तिची चटई तशीच अंथरलेली होती. म्हातारी मैना शेजारी बसली होती. आचार्य चटईवर बसू लागले. भैरूने चटई खेचली.

“ही ताईची आहे. तुम्ही मातीत बसा.”

आचार्य मातीत बसले. मग ते मैनेकडे वळले.

“मैनाबाई, ती पाखरं काय म्हणत होती?”

“छत खचतंय, पोरीला आणू नका.”

आचार्य रडले. मग म्हणाले, “मला त्यांची बोली शिकवाल?”

भैरूने दगडी पाखरांवर पाणी शिंपडले, पीस फिरवले. रानभर पंख फडफडले. राजाने रत्नाचा नाद सोडला, चटई जाळण्याची रीत मोडली. दुसऱ्या दिवसापासून आचार्य सकाळी शिकवत आणि संध्याकाळी पाखरांपुढे शिकायला बसत.

भैरूने ताईची चटई झटकली, पाठशाळेत पहिल्या रांगेत तिच्या जागी अंथरली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर गुहेतला एक दगड ठेवला.