वेशीवर टांगलेली घागर

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. एका उंच पठारावर तांबटांचे एक गाव वसले होते. तांब्याचा पत्रा ठोकून घागरी, हंडे, तपेली घडवावीत आणि घाट उतरून दूरच्या बंदरात विकावीत, हा त्या गावाचा पिढीजात उद्योग. सकाळ झाली की आळीत हातोड्यांचा नाद सुरू होई, तो दिवेलागणीपर्यंत थांबत नसे.

त्या गावाची एक रीत होती. ज्याच्या हातून भांडे फाटे, त्याचे ते फाटके भांडे गावाच्या वेशीवर टांगले जाई. येणाऱ्याजाणाऱ्याने ते पाहावे, हसावे, आणि घडवणाऱ्याने खाली मान घालून त्याखालून जावे. वाडवडील म्हणत, "या धाकाने हात चोख राहतो."

हात चोख राहिले, हे खरे. पण बंदरातून दरवर्षी एक नमुना येई, आणि गाव त्याची हुबेहूब प्रतिकृती घडवी. त्याबाहेरची एक रेघही कोणी काढीत नसे. जी वाट कोणी चालतच नाही, तिच्यावर ठेच लागण्याचे भय नसते.

या गावात सगुणा नावाची एक सून होती. तिचे सासरे धाकोजी हे आळीचे प्रमुख. कोणते भांडे टांगायचे, याचा निवाडा तेच करीत. सगुणा घरचा भाता ओढी आणि पाणीही आणी. विहीर होती खाली दरीत. गोल पोटाची घागर कमरेवर ठरत नसे. पायऱ्या चढताना ती घसरे, पाणी हिंदकळे, आणि कमरेवर काळानिळा वण उमटे.

तिच्या नवऱ्याने तो वण पाहिला. तो फार बोलणारा नव्हता. एके दिवशी त्याने नवी घागर पुढ्यात घेतली आणि तिची एक कूस ठोकून आत घ्यायला आरंभ केला. कमरेला बिलगून बसेल अशी घागर त्याला घडवायची होती.

"कोणाचा हा नमुना?" भात्याशी बसलेल्या सगुणेने विचारले.

"तुझा," तो हसून म्हणाला.

पण वळण पुरे होण्याआधीच पत्रा फाटला.

घागर धाकोजींपुढे गेली. एकुलता एक मुलगा म्हणून त्यांचा निवाडा वाकला नाही. "टांगा," ते म्हणाले. घागर वेशीवर चढली आणि आळीला विषय मिळाला.

"काय रे, बायकोच्या कमरेचं माप चुकलं वाटतं!"

"आता घागरीला नाकडोळे काढ, म्हणजे दुसरी बायकोच झाली!"

तो खाली मान घालून त्या घागरीखालून घरी गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने घाटाची वाट धरली. निघताना सगुणेला एवढेच म्हणाला, "त्या घागरीखालून रोज जाणं मला जमायचं नाही. ती उतरली, तर निरोप धाड."

पण उतरवणार कोण? टांगलेले भांडे उतरवायचे नाही, अशीच रीत होती.

सगुणा मात्र रोज त्या घागरीखालून पाण्याला जाई. जाताना वर पाही, येताना वर पाही. उन्हाच्या वेळी फाटलेल्या कुशीतून प्रकाशाची एक बारीक रेघ वाटेवर उतरे, आणि सगुणा तिच्यावर पाय न देता कडेने जाई. लोक त्या घागरीला चूक म्हणत. सगुणेला ती बोलता बोलता राहून गेलेले वाक्य वाटे, आणि ते पुरे ऐकण्याची तिची आस काही केल्या मावळत नसे.

वर्षे गेली. मग एका साली बंदराहून नमुन्याचा हंडा आला, तो वाटेत गाडीवरून पडून फुटलेला. गाडीवानाने बुडाला ठिगळ ठोकून तो तसाच पुढे आणला होता. तांबटांनी ठिगळ पाहिले. एकमेकांकडे पाहिले. पण कोणी काही बोलले नाही. न जाणो, हीच नवी तऱ्हा असली तर? ठिगळ वगळावे आणि आपलाच हंडा वेशीवर जावा! त्या साली गावाने एकूण एक नव्याकोऱ्या हंड्याला ठिगळ ठोकले, आणि तेही इतके सुबक की पाहत राहावे.

बंदरात लोकांची हसून हसून मुरकुंडी वळली. "अहो, फुटण्याआधीच डागडुजी? केवढी ही दूरदृष्टी!" व्यापारी म्हणाले, आणि त्यांनी एकही हंडा घेतला नाही. गाड्या भरलेल्या गेल्या, तशा भरलेल्या परतल्या. 'तांबटांना वेड लागले' असा बोभाटा झाला आणि पुढे नमुना येणेही थांबले. पोटासाठी तरुण माणसे घाट उतरू लागली. आळीतले हातोडे एकेक करून मुके झाले.

धाकोजी ओसरीवर बसून त्या वाढत्या शांततेला कान देत. एके सकाळी सगुणा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामंजी, वेशीवरची घागर मी उतरवते."

"रीत मोडायची म्हणतेस, सूनबाई?"

"रीत राखून गावात उरलं कोण? आजवर आपण दुसऱ्यांच्या घरचे नमुने घडवले. कंबर तर माझी दुखते ना, मामंजी? ज्याला ती दिसली, त्याला तुम्ही वेशीवर टांगलंत. मी रोज त्याच्याखालून पाणी आणते."

म्हाताऱ्याने उठून कोपऱ्यातला हातोडा उचलला. मग म्हणाला, "उतरव. भाता तू ओढ, हातोडा मी धरतो."

ती फाटकी घागर समोर ठेवून त्यांनी नवी घडवायला घेतली. पत्रा पुरता लाल झाल्याशिवाय सगुणा त्यावर घाव पडू देईना. तरी वळणाशी येताच तोही फाटला.

वार्ता पसरायला उशीर लागला नाही. धाकोजी स्वतःची घागर टांगतात की नाही, हे पाहायला उरलेसुरले गाव वेशीपाशी जमले. धाकोजी घागर घेऊन आले. कोणीतरी दोरही पुढे केला. त्यांनी वर पाहिले, सुनेकडे पाहिले, आणि घागर खाली मातीत ठेवली.

"हसून झालं की जवळ या," ते म्हणाले. "कुठे फाटली ते बघा. का फाटली, ते कोणाला उमगत असेल तर सांगा. मला उमगत नाही."

आळीच्या प्रमुखाने 'मला उमगत नाही' म्हणावे, हे त्या गावाने कधी ऐकले नव्हते. हसू ओठांतच विरले. एकजण उकिडवा बसला, त्याने फाटीवरून बोट फिरवले. दुसरा त्याच्या खांद्यावरून वाकला. शेवटी एक म्हातारा तांबट चाचरत म्हणाला, "पोकळ भांड्यावर घाव घातला, तर आतून आधार कुठला? राळ वितळवून आत भरा. ती थिजली की मग ठोका. वळण बसलं, की पुन्हा वितळवून काढून टाका."

"हे तुला कधीपासून ठाऊक?" धाकोजींनी विचारले.

"तरुणपणी लपून करून पाहिलं होतं. बोललो असतो, तर माझंच भांडं इथे लटकलं असतं."

धाकोजींनी डोळे मिटले. त्यांचा मुलगा फाटकी घागर घेऊन उभा होता, त्या दिवशी हा म्हाताराही त्याच गर्दीत उभा होता.

राळ भरली आणि पुढची घागर वळणातून सुखरूप बाहेर आली. सगुणेने ती कमरेवर घेतली, दरीत उतरली आणि भरून वर आली. पदराला एक थेंब लागला नव्हता.

"ए, मला दे गं एकदा!" बायकांनी तिला गराडा घातला.

"तुला? तुझ्या कमरेला दोन घागरी जोडाव्या लागतील!"

ती घागर आधी शेजारच्या पठारांवर गेली, मग घाट उतरून बंदरात गेली. पुढे तर बंदरातले कारागीरच तिची नक्कल करू लागले. वेशीवरची सगळी भांडी उतरली. आता कोणाचे भांडे बिघडले की ते आळीच्या मध्यावर ठेवीत, आणि भोवती बसून त्यावर वाद घालीत. त्या वादांतून वाऱ्यात न विझणारा दिवा निघाला, थोड्या सरपणात तापणारा बंब निघाला. आळी पुन्हा नादाने भरून गेली.

सगुणेने बंदरात नवऱ्याला निरोप धाडला होता: "घागर उतरली. या."

गाडीवान उत्तर घेऊन आला. "त्यांनी गावाला नमस्कार सांगितलाय. म्हणाले, ऐकून धन्य झालो. पण इतकी वर्षं इथे दुसऱ्यांचे नमुने घडवतोय, हाताला आता तेवढंच येतं. गावाला हवा आहे तो हात माझ्यापाशी उरला नाही."

सगुणा म्हणाली, "मी हाताला बोलावलं नव्हतं. माणसाला बोलावलं होतं."

धाकोजी उठले. "हे त्याला मीच सांगतो," म्हणून त्यांनी पडशी खांद्यावर टाकली आणि त्याच गाडीने ते निघाले.

सगुणा रोज संध्याकाळी घाटाच्या तोंडाशी जाऊन बसू लागली. एके दिवशी वळणावर गाडी दिसली. गाडीवानाशेजारी धाकोजी होते. मागे कोणी नव्हते. म्हातारा सावकाश खाली उतरला.

"मी पोचण्याआधीच तो गेला, सूनबाई. जहाजांच्या बुडाला तांबं ठोकायला माणसं हवी होती. तो पैलतीरी गेला. कुठल्या बंदरी, ते कोणाला ठाऊक नाही." खांद्यावरची पडशी उतरवून म्हातारा म्हणाला, "उशीर माझाच झाला."

सगुणेने त्यांची पडशी आपल्या हातात घेतली. "चला मामंजी, पाणी तापलंय. हातपाय धुवा."

पुढे ते गाव फार मोठे झाले. दूरदूरचे लोक तिथे शिकायला येत, आणि भात्याशी बसलेली एक वृद्ध स्त्री त्यांना सर्वांत आधी चुकायला शिकवी. समुद्राकडचा वारा सुटला, की मात्र तिचा हात क्षणभर थांबे, आणि ती घाटाकडे पाही.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या वडिलांनो, एवढे ध्यानी धरा: गरज नव्याचे बीज पेरते, पण चुकणाऱ्याला जिथे वेळेवर क्षमा मिळते, त्याच भूमीत ते रुजते.