कोरड्या नळाचं खरं नाव

गावच्या फेसबुक ग्रुपवर ‘कोरडा नळ’ या नावाने कुणीतरी रोज पाण्यासाठी बोंब मारायचं. ती होती अंगणवाडीतली मदतनीस कुसुम. नाव फुटलं असतं, तर सरपंच बाजीरावांनी तिची नोकरीच घालवली असती.

एके दुपारी बाजीराव ग्रुपवर गरजले, "मर्द असशील तर खरं नाव सांग! बिननावाचं मी काहीच मानत नाही."

कुसुमने पदराआड फोन धरून लिहिलं, "बरं, सरपंच. मग निवडणुकीत तुम्हाला पडलेली मतंही मानू नका. त्यांच्यावर तरी कुठे कुणाचं नाव होतं?"

मग खाली पहिला खदखदून हसणारा चेहरा उमटला. तो सरपंचीणबाईंनी टाकला होता, स्वतःच्या पूर्ण नावाने.