बोंद्रे साहेबांचे अडकलेले हात

तालुक्याच्या कचेरीत एक बोंद्रे साहेब होते. अपंगांना सांभाळणाऱ्यांच्या भत्त्याचे अर्ज तेच तपासत. हर्षदाची पाच वर्षांची लेक ओवी अजून मान धरत नव्हती, म्हणून हर्षदाचं शिवणकाम सुटलेलं. भत्त्यावाचून घर चालणार नव्हतं.

पहिल्या खेपेला तिनं ओवीला कडेवर नेलं, तर साहेब खेकसले, "किती रडते ही! इथं एकटीनं यायचं."

दुसऱ्या खेपेला ओवीला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती एकटी गेली. साहेब हसले, "तुझ्यावाचून राहते की पोरगी! मग भत्ता कशाला?"

हर्षदा पार गोंधळली. आता ओवीला न्यावं की नेऊ नये? काकूंनाही काही सुचेना.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी तिनं ओवीला सरळ साहेबांच्याच हातांत दिलं. "एक हात मानेखाली, एक पाठीला. मी दारात थांबते, साहेब. म्हणजे पोरगीही आली आणि मी एकटीही."

ओवीनं भोकाड पसरलं. फोन वाजत राहिला, समोरचा चहा निवला.

"अहो बाई, घ्या हिला! दोन्ही हात अडकलेत, कामं कशी करू?"

"साहेब, अर्जात मी तेच तर लिहिलंय."

शिपाई फिसकन हसला. हात मोकळे होताच साहेबांनी अर्जावर सही केली.