साळूची अर्धी भट्टी

फार पूर्वी नदीपलीकडच्या रानात रेवा नावाची काटेरी साळू मातीची गाणारी खेळणी भाजायची. भट्टीला दहा खेळण्यांसाठी जेवढं लाकूड लागे, तेवढंच शंभरांसाठी. ती एकदम शंभर भाजायची, म्हणून एक खेळणं दोन बोरांत मिळायचं.

मग अलीकडच्या रानाच्या अस्वलराजानं गिऱ्हाइकं नदी ओलांडत त्या उतारावर जकात बसवली, खेळण्यामागे एक बोर. किंमत तीनवर गेली. गिऱ्हाइकं निम्म्यावर आली आणि भट्टी अर्धी रिकामी राहू लागली, लाकूड मात्र तेवढंच जळत राहिलं. रेवाला चार बोरं सांगावी लागली.

एकदा राजा स्वतःच पिलासाठी खेळणं घ्यायला आला. “चार? मी तर एकच वाढवलं!”

“एक तुमचं, महाराज,” रेवा चाचरत म्हणाली, “आणि दुसरं माझ्या रिकाम्या भट्टीचं.”

राजा ओशाळला. त्यानं जकात उठवली. पण गिऱ्हाइकं काही लगेच परतली नाहीत. दोन बोरांत द्यायचं तर शंभर भाजायला हवीत, आणि ती खपलीच नाहीत तर? शेवटी रेवानं शंभर खेळणी रचली, भट्टी पेटवली आणि नदीकडे डोळे लावून बसली.